पिठीचं माप

बोरीच्या काठावर भट्ट्या पेटल्या की
माझ्या दुकानाच्या पत्र्यावर राख बसते.
मे महिना. लग्नाचे ब्लाऊज संपलेले,
शाळेचे गणवेश अजून यायचे.
अशाच एका दुपारी केवळबाई ओट्याशी आली,
मागे तिची गाढवी.
रंग पिठासारखा, म्हणून नाव पिठी.

"झुलालभाऊ, हिनं माप ली ले."

मला वाटलं, ऊन लागलंय बाईला.
समोरचा चहावाला ओरडला,
"आते गधडीले झंपर शिव, भो!"
मीही हसलो थोडा. खोटं कशाला बोलू.

मग तिनं पाठीवरचं पोतं उचललं.
कण्यावर तळहाताएवढी जागा,
कातडी नसलेली, माश्या असलेली,
कडेला जळालेल्या ऑईलचा काळा थर.
"हाऊच इलाज माले माहीत व्हता," ती म्हणाली,
आणि पोतं परत ठेवताना
स्वतःच कळवळली.

आदल्या दिवशी शिबिराला
नंदुरबारकडची डॉक्टरीण आली होती, पावरा आडनावाची.
कोणावर ओरडली नाही.
मिठाच्या पाण्यानं ऑईल धूत बसली अर्धा तास,
धुता धुता सांगत राहिली:
ओझं कण्यावर नको, दोन्ही बाजूंच्या मांसावर टेकू दे,
मधे पन्हळीसारखी वाट ठेवा, वारा जाईल.
आणि चाळीस विटा फार होतात हिला.
"चाळीस नही लाद्यात ते खावानं काय?"
केवळबाईनं विचारलं.
डॉक्टरीण गप्प झाली म्हणे.
तिचं ते गप्प होणं मला पटलं.

तीस वर्षं मापं घेतोय.
नवऱ्यांची, पुढाऱ्यांची, एकदा बँडवाल्यांची अख्खी पार्टी.
टेप पोटाखालून घेतली तशी पिठी थरथरली,
जशी पोरं थरथरतात
मास्तरनं खडू घ्यायला हात वर केला तरी.
मग टेप आधी तिला हुंगायला दिली.
घेर चव्वेचाळीस. खांद्यापासून कमरेपर्यंत बावीस.
वहीत गिऱ्हाइकाच्या नावाचा रकाना असतो.
पेन तिथं जरा अडलं.
लिहिलं: पिठी.

सरकीच्या पोत्याचं कापड,
जिनातल्या झाडलोटीचा कापूस,
आतून विरलेल्या धोतराचं अस्तर.
दोन लांब उश्या, मधे चार बोटं रिकामी.
मशीनच्या दोन सुया मोडल्या,
मग दाभण घेतला.
रात्री शटर ओढून, ओणवा होऊन
स्वतःच्या पाठीवर घालून पाहिलं,
कुठं टोचतंय का.
एका जागी टोचत होतं. उसवलं.

तिसऱ्या दिवशी केवळबाई आली, नातवाला घेऊन.
"शिलाई कितली व्हयनी?"
पदराच्या गाठीत पन्नासची एक नोट, घामानं मऊ.
पोराच्या हातात काठी,
काठीच्या टोकाला खिळा, अर्धं बोट बाहेर.
म्हटलं, तो खिळा दे. शिलाई मिटली.

पोरगं आजीकडे बघू लागलं,
आजी पिठीच्या पुठ्ठ्याकडे.
तिथं ठिपके होते, जुने, नवे,
एकमेकांवर.
पकडीनं मीच उपटला.

आता सगळं नीट झालं असं नाही.
भट्टीवाला हजारावर पैसे देतो, पाठी बघत नाही.
पिठीवर अठ्ठावीस विटा चढतात,
उरलेल्यांसाठी केवळबाईची एक फेरी जास्त,
त्यातही काही स्वतःच्या डोक्यावर.
तिच्या चुंबळीचं माप
मी अजून घेतलेलं नाही.

काल दगा बेलदार दोन गाढवं घेऊन आला,
उधारीवर शिव म्हणाला.
चहावाल्यानं बाकडं थोडं सरकवलं, त्यांना सावलीत जागा व्हावी म्हणून.
हसायचं तेवढं हसलाच.

खिळा भिंतीत ठोकलाय. त्यावर टेप टांगतो.
फेऱ्यांच्या मधे पिठी कधी कधी
पत्र्याखाली येऊन उभी राहते.
मी मशीन चालवतो,
तिचा एक कान आवाजाकडे वळतो,
दुसरा नाही.